शोक: त्याचे स्वरूप, त्यातून सावरणे आणि वाढणे

हा पाठ पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांसाठी आहे, शाखा कोणतीही असो. मी बंगळुरूमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. प्रत्येक तुकडीत एक-दोन विद्यार्थी असे असतात, ज्यांचे वडील, आई, आजी किंवा जिवलग मित्र याच चार वर्षांत जातो. ते गावी जाऊन दिवस-कार्य आटोपून परत येतात. त्यानंतर पंधरा दिवसांत अंतर्गत परीक्षा असते आणि वसतिगृहातील मित्रांना त्यांच्याशी काय बोलावे ते सुचत नाही. आपल्या अभ्यासक्रमात पदार्थाची ताणसहनक्षमता शिकवली जाते, पण माणसावर असा भार आला म्हणजे काय होते याचा एकही तास नसतो. ही टिपणे त्या एका तासासाठी आहेत.

या पाठात काय शिकाल

- वियोग, शोक आणि दुखवटा या तीन शब्दांतील फरक
- शोकाविषयीच्या शास्त्रीय समजुती गेल्या शंभर वर्षांत कशा बदलल्या
- सावरणे म्हणजे विसरणे नव्हे, ते का
- दुःखातून वाढ केव्हा होते आणि तिची सक्ती का करू नये
- स्वतःसाठी व मित्रासाठी काय करता येईल, आणि तज्ज्ञांकडे केव्हा जावे

१. तीन शब्द

*वियोग* ही घटना आहे: जवळचे माणूस गेले. *शोक* ही त्या घटनेला आपल्या मनाने व शरीराने दिलेली प्रतिक्रिया आहे. *दुखवटा* ही समाजाने ठरवून दिलेली रीत आहे: किती दिवस सुतक पाळायचे, कोणी भेटायला यायचे, घरात चूल कधी पेटवायची.

व्यवहारात आपण हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. तेराव्याला दुखवटा संपतो, म्हणून शोकही संपला असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात बऱ्याच जणांचा खरा शोक पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर सुरू होतो.

शोक केवळ मृत्यूचाच असतो असेही नाही. आईवडिलांचे विभक्त होणे, अपघातात गेलेला पाय, सुटलेले गाव, तुटलेले नाते यांचाही शोक होतो. या पाठात मात्र मुख्य विचार मृत्यूमुळे होणाऱ्या शोकाचा केला आहे.

२. अभ्यास कसा सुरू झाला: दोन आगी

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये शोक आणि विषण्णता यांतील फरकावर निबंध लिहिला. शोक हा आजार नाही, ते मनाला करावे लागणारे एक काम आहे, अशी त्यांची मांडणी होती. पण शोकग्रस्त माणसांच्या प्रत्यक्ष मुलाखतींवर आधारलेला आणि सर्वांत परिचित झालेला आरंभीचा अभ्यास एका आगीनंतर झाला.

२८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसे मेली. मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी मृतांचे नातेवाईक आणि वाचलेली माणसे यांच्याशी सविस्तर बोलून १९४४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यातील निरीक्षणे आजही ओळखीची वाटतात. दुःख लाटांसारखे येते. एकेक लाट वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते. घसा आवळतो, श्वास अपुरा वाटतो, सारखे उसासे येतात, पोटात पोकळी जाणवते. गेलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. आपण काहीतरी करायला हवे होते ही टोचणी लागते. भेटायला येणाऱ्यांचा उगाच राग येतो.

लिंडेमन यांना वाटले होते की योग्य मदत मिळाली तर चार ते सहा आठवड्यांत साधा शोक मार्गी लागतो. हा अंदाज पुढच्या संशोधनात टिकला नाही. शोकाला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

दुसरी आग आपल्या शहरातली आहे. ७ फेब्रुवारी १९८१ रोजी बंगळुरूमध्ये व्हीनस सर्कसच्या तंबूला आग लागली. नव्वदहून अधिक माणसे गेली आणि त्यांत बहुसंख्य मुले होती. मुलांना सर्कस दाखवायला पाठवणे हे कोणत्याही घरातले साधे, आनंदाचे काम. त्यामुळे मागे राहिलेल्या आईबापांच्या शोकात अपराधभाव किती असेल याची कल्पना करता येते. याच शहरातील निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मृतांच्या नातेवाइकांच्या शोकाचा अभ्यास केला व तो १९८७ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपत्तीनंतर जखमींवर उपचार होतात, नुकसानभरपाई मोजली जाते, पण घरात बसलेल्या माणसाच्या शोकाकडेही आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहायला हवे, ही जाणीव आपल्या देशात रुजवणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी हे एक आहे.

३. पाच टप्प्यांचा गैरसमज

शोक म्हटले की अनेकांना ‘पाच टप्पे’ आठवतात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. ही मांडणी एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या १९६९ मधील पुस्तकातून आली. त्यांनी बोलणे केले होते ते मरणासन्न रुग्णांशी. स्वतःच्या मृत्यूला सामोरे जाणाऱ्या माणसांविषयीची ही निरीक्षणे पुढे मागे राहिलेल्यांनाही लावली गेली आणि जिन्याच्या पायऱ्यांसारखी वाचली गेली.

प्रत्यक्षात असा ठरलेला क्रम आढळत नाही. कोणाला राग येतच नाही. कोणी पहिल्याच दिवशी मृत्यू स्वीकारतो आणि सहा महिन्यांनी कोसळतो. पायऱ्यांची कल्पना मनात धरली की विद्यार्थी स्वतःलाच विचारू लागतो: मला अजून रडू कसे आले नाही? माझे काही चुकते आहे का? रडू न येणे म्हणजे प्रेम नसणे नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की मोठ्या वियोगानंतरही रोजचे जगणे बऱ्यापैकी चालू ठेवणारी माणसे अपवाद नसतात, ती पुष्कळ असतात. अशा माणसाने दुःख ‘दाबून ठेवले आहे’ असे समजण्याचे कारण नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक तुलना उपयोगी पडेल. दुःख हे अवमंदित दोलनासारखे असते, म्हणजे एकदा धक्का बसला की दोलनाचा आवाका हळूहळू कमी होत शून्यावर येतो, असे आपण समजतो. परंतु शोकाला बाहेरून पुन्हा पुन्हा धक्के मिळत राहतात. फोनमधला ‘बाबा’ हा क्रमांक, दिवाळीतला पहिला फराळ, निकालाचा दिवस, कोणाच्या तरी शर्टाला येणारा तोच वास. त्यामुळे आठव्या महिन्यात अचानक पहिल्या आठवड्यासारखे वाटले तर ती पीछेहाट नसते. लाटांमधले अंतर साधारणपणे वाढत जाते, पण एखादी लाट मधेच मोठी येते. हे आधी माहीत असले की माणूस निदान घाबरत नाही.

४. दोन कामांमधली ये-जा

आज बहुतेक अभ्यासक ज्या प्रतिमानाचा आधार घेतात ते नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडले. त्याला *दुहेरी प्रक्रिया प्रतिमान* म्हणता येईल. वियोगानंतर माणसापुढे दोन प्रकारची कामे असतात.

पहिले काम *वियोगाकडे तोंड करून* करायचे: रडणे, आठवणी काढणे, फोटो पाहणे, ‘असे का झाले’ हे पुन्हा पुन्हा बोलणे.

दुसरे काम *जगण्याकडे तोंड करून* करायचे: बँकेची कागदपत्रे, वारसनोंद, शेतीचा किंवा दुकानाचा व्यवहार, वडील करत असलेली कामे शिकणे, परीक्षेला बसणे, मित्रांबरोबर हसणे.

निरोगी शोकात माणूस या दोन्हींत ये-जा करतो. सकाळी रडतो, दुपारी प्रयोगशाळेत जातो, रात्री पुन्हा आठवणीत हरवतो. फक्त पहिल्यातच राहिला तर जगणे थांबते. फक्त दुसऱ्यातच राहिला तर शोक तुंबून राहतो. मित्रांसोबत सिनेमाला गेल्याबद्दल अपराधी वाटणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगणे गरजेचे आहे की थोडा वेळ दुःखापासून दूर जाणे हादेखील सावरण्याचाच भाग आहे.

आपल्या जुन्या रीतींमध्ये ही ये-जा बऱ्याच अंशी गुंफलेली दिसते. सुतकाच्या दहा दिवसांत घरातल्यांकडून कामाची अपेक्षा नसते. अनेक ठिकाणी घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात. या पहिल्या घासाला ग्रामीण भागात ‘कडू घास’ म्हणतात. लोक भेटायला येतात आणि आजार कसा झाला, शेवटी काय बोलले, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. सांगणाऱ्याला कंटाळा येतो, पण त्या सांगण्यातूनच अघटिताला हळूहळू गोष्टीचे रूप येते. तेराव्यानंतर दैनंदिन व्यवहार सुरू होतात, आणि आठवणीसाठी मासिक, वर्षश्राद्ध, पितृपक्ष अशा ठरावीक जागा राहतात. मुस्लिम घरांतील चाळिसावा, ख्रिस्ती घरांतील स्मरणाची प्रार्थना हीच गरज वेगळ्या प्रकारे भागवतात. तुमची श्रद्धा असो वा नसो, रीतीचे हे काम लक्षात घेण्याजोगे आहे.

रीत हिरावली गेली की काय होते ते २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिसले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत बंगळुरूमधील स्मशाने अपुरी पडली आणि शहराबाहेर उघड्यावर दहनाची सोय करावी लागली. अनेकांना आपल्या माणसाचा चेहराही पाहता आला नाही. ज्यांच्या अस्थी न्यायला कोणी येऊ शकले नाही, अशा शेकडो अस्थींचे विसर्जन त्या जूनमध्ये राज्य सरकारने मंड्या जिल्ह्यातील बेळकवाडी येथे कावेरीत केले. त्या काळात ज्यांचे आईवडील गेले ती शाळकरी मुले आता पदवीच्या वर्गांत बसली आहेत. त्यांच्यापैकी काहींचा निरोप अजून व्हायचा राहिला आहे. तो आजही करता येतो: गावी जाऊन एक झाड लावणे, घरच्यांनी एकत्र बसून आठवणी सांगणे, एक पत्र लिहिणे.

५. नाते संपत नाही: रमाबाई रानडे यांचे उदाहरण

शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणे, असे फ्रॉइडनंतर बराच काळ मानले जात होते. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने या समजुतीला आव्हान दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गेलेल्या माणसाशी असलेले नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते. याला आपण *टिकून राहिलेले नाते* म्हणू.

याचे ठळक उदाहरण मराठी समाजाच्या इतिहासात आहे. रमाबाईंचा जन्म १८६२ चा. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. घरातील बायकांचा विरोध सोसत पतीच्या आग्रहाने त्या मराठी आणि इंग्रजी शिकल्या. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे वारले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या, नुकतेच एकोणचाळिसावे लागणार होते. मुंबई सोडून त्या पुण्यातील घरी आल्या आणि जवळजवळ वर्षभर लोकांपासून दूर राहिल्या.

त्यानंतरचा क्रम पाहण्यासारखा आहे. त्यांनी रानड्यांची धर्मविषयक व्याख्याने प्रसिद्ध केली. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू झाले तेव्हा त्याचे अध्यक्षपद स्वीकारले, आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम आपल्या घरातून सुरू केले. तिथे स्त्रियांना, विशेषतः विधवांना, शिक्षण आणि परिचारिकेसारख्या व्यवसायांचे प्रशिक्षण मिळू लागले. १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९२४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत हे काम चालू होते.

आधीच्या विभागातील दोन्ही कामे इथे शेजारी शेजारी दिसतात. व्याख्याने छापणे आणि आठवणी लिहिणे हे गेलेल्या माणसाशी नाते राखणे. सेवासदन चालवणे हे पुढचे जगणे उभे करणे. आठवणींचे पुस्तक मृत्यूनंतर नऊ वर्षांनी आले, हेही लक्षात ठेवा. कोणी म्हणू शकले असते की आता किती दिवस मागचेच घेऊन बसणार? पण नऊ वर्षांनंतरची ती आठवण त्यांच्या पुढच्या कामाच्या आड आली नाही.

मात्र या उदाहरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रमाबाईंजवळ घर होते, शिक्षण होते, नावाला मान होता. त्याच काळात त्यांच्याच जातीतील असंख्य विधवांचे केशवपन होऊन त्या माजघरात आयुष्य काढत होत्या. त्यांचे मन कमी खंबीर होते असे नव्हे. त्यांच्यापुढे वाटच ठेवली नव्हती.

६. वाढ म्हणजे काय? किल्लारीनंतरची माणसे

१९९६ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी *आघातोत्तर वाढ* मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. मोठ्या आघातानंतर काही लोक पाच बाबतींत बदल झाल्याचे सांगतात: माणसांशी जवळीक, नव्या शक्यता दिसणे, स्वतःच्या बळाची जाणीव, जगण्याची किंमत कळणे, आणि आध्यात्मिक किंवा तात्त्विक बदल.

ही वाढ दुःखाच्या जागी येत नाही, दुःखासोबत येते. न्यूझीलंडच्या समुपदेशक लॉइस टॉन्किन यांनी १९९६ मध्ये याचे सोपे चित्र मांडले. वर्तुळात एक काळा भाग आहे असे समजा. आपली अपेक्षा असते की काळा भाग लहान होत जाईल. प्रत्यक्षात तो बराचसा तेवढाच राहतो आणि भोवतालचे वर्तुळ मोठे होते. नवी माणसे, नवी कामे, नव्या जबाबदाऱ्या येतात आणि त्या मोठ्या जगण्यात शोकालाही जागा मिळते.

याचे सामूहिक उदाहरण मराठवाड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. म्हणजे लोकांनी आपली माणसे, घर, पार, विहीर आणि शेजार हे सगळे एकाच पहाटे गमावले.

पुनर्वसनात पुढे एक वेगळी गोष्ट घडली. घरांच्या दुरुस्ती व बळकटीकरणाच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहाय्यक म्हणून काम करू लागल्या. भूकंप स्वतः सोसलेल्या या बायका कुटुंबांशी बोलत, सरकारी योजना समजावून सांगत, भूकंपरोधक बांधकाम नीट होते आहे का ते पाहत. ज्यांनी यापूर्वी ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते त्या अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरच्या स्त्रिया तिथल्या बायकांना भेटायला आणि आपला अनुभव सांगायला गुजरातला गेल्या. तसेच, भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. त्यांना राहायला जागा, शाळा आणि आपल्यासारखीच इतर मुले मिळाली.

या उदाहरणातून तीन गोष्टी घेता येतात.

*एक*, वाढ एकट्याने होत नाही. तिला सोबत लागते, विशेषतः तेच सोसलेल्यांची.

*दोन*, वाढ नुसत्या विचाराने होत नाही. तिला काम लागते, आणि त्या कामाचा उपयोग दुसऱ्या कोणाला तरी व्हावा लागतो.

*तीन*, वाढ झाली म्हणून नुकसान भरून निघत नाही. गुजरातला गेलेल्या स्त्रियांना कोणी विचारले असते की भूकंप झाला हे बरे झाले का, तर त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

म्हणूनच शोकग्रस्त माणसाला ‘यातून काहीतरी चांगलेच होईल’ असे सांगू नये. संशोधकांतही यावर वाद आहे: लोक प्रश्नावलीत सांगतात तेवढा बदल खरोखर होतो का, की स्वतःला धीर देण्यासाठी माणूस तसे म्हणतो? वाढ झाली तर ती मागाहून, ज्याची त्याला दिसते. न झाली तरी त्यात कमीपणा नाही. पुन्हा झोप लागणे, पुन्हा जेवणाला चव येणे, हेही पुरेसे सावरणे आहे.

७. वाट अडवणारे अडथळे

केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये *न मानलेला शोक* ही कल्पना मांडली. काही शोकांना समाज शोक मानतच नाही. मैत्रीण गेली तर सुतक नाही, रजा नाही. ज्या नात्याची घरी वाच्यता नव्हती ते माणूस गेले तर उघड रडताही येत नाही. आत्महत्येने गेलेल्या माणसाच्या घरच्यांशी लोक बोलायचे टाळतात. गर्भपात झालेल्या आईला ‘पुढच्या वेळी होईल’ एवढेच ऐकवतात. अशा वेळी दुःखावर एकटेपणाचा दुसरा थर चढतो.

दुसरा अडथळा रीतीतूनच येतो. रीत सांभाळते तशी ती जखमही करते. पती गेल्याच्या दिवशी चारचौघांत स्त्रीचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचे, जोडवी काढायची, ही प्रथा शोकात अपमानाची भर घालते. कर्नाटकच्या सीमेलगत, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कोविडमध्ये अनेक तरुण स्त्रिया विधवा झाल्याची पार्श्वभूमी त्याला होती. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुकरण करावे असे कळवले. एका ठरावाने गावाची मने बदलत नाहीत, पण कोणाच्या घरी बांगड्या फोडायची वेळ आली की ‘नको’ म्हणणाऱ्याच्या हाती आता एक कागद आहे. सावरणे ही केवळ व्यक्तीच्या मनोधैर्याची बाब नाही, भोवतालच्या माणसांनी मोकळी केलेली वाटही तेवढीच महत्त्वाची, हे यातून स्पष्ट होते.

८. विद्यार्थ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना

*तुमच्यावर वेळ आली असेल तर*

- परत आल्यावर एका विश्वासू शिक्षकाला किंवा समुपदेशकाला स्पष्ट सांगा. हजेरी आणि परीक्षेबाबतचा अर्ज लेखी द्या. ‘सगळ्यांना कळेलच’ असे धरू नका.
- पहिल्या काही महिन्यांत लक्ष लागत नाही, वाचलेले आठवत नाही. ही शोकाची नेहमीची लक्षणे आहेत. बुद्धी कमी झालेली नाही. अभ्यासाचे तुकडे लहान करा.
- झोप, जेवण, आंघोळ यांच्या वेळा शक्यतो ठरावीक ठेवा. मन जागेवर नसते तेव्हा शरीराची सवय आधार देते.
- घरी नियमित फोन करा, पण ‘मी ठीक आहे’ एवढ्यावर थांबू नका. आई तुमच्यासाठी आणि तुम्ही आईसाठी दुःख लपवता, आणि दोघेही एकटे पडता.
- अवघड तारखा आधीच ओळखून ठेवा. वर्षश्राद्ध, वाढदिवस, दीक्षान्त समारंभ. त्या दिवशी कोणासोबत असायचे ते ठरवा.
- दारू किंवा झोपेच्या गोळ्यांनी लाट पुढे ढकलली जाते, संपत नाही.

*मित्रावर वेळ आली असेल तर*

‘धीर धर’, ‘रडू नकोस, आता तुलाच घर सांभाळायचंय’, ‘सुटले बिचारे’, ‘देवाची मर्जी’. ही वाक्ये चांगल्या मनाने बोलली जातात, पण ऐकणाऱ्याला त्यातून ‘आता गप्प राहा’ एवढेच ऐकू येते. त्याऐवजी साधे बोला. ‘ऐकून फार वाईट वाटलं.’ ‘चल, मेसला जाऊ.’ ‘काकांबद्दल सांग ना.’ काही सुचले नाही तर शेजारी बसा. ‘काही लागलं तर सांग’ यापेक्षा ‘तुझे प्रयोगवहीतले राहिलेले भाग मी आणून देतो’ हे अधिक उपयोगी, कारण शोकातल्या माणसाला मागता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, दोन महिन्यांनी पुन्हा विचारा. तेव्हा बाकीच्यांनी विचारणे थांबवलेले असते.

९. तज्ज्ञांकडे केव्हा जावे

बहुतेकांचा शोक औषधाविना, माणसांच्या सोबतीने मार्गी लागतो. काहींचा लागत नाही. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा त्याच्याच विचारात बुडून जाणे, सोबत तीव्र मनोवेदना, आणि त्यामुळे रोजचे जगणे ठप्प, अशी स्थिती किमान सहा महिने व आपल्या समाजात सर्वसाधारणपणे अपेक्षित असते त्याहून अधिक काळ राहिली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तिला *प्रदीर्घ शोक विकार* म्हणतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या त्याच वर्षीच्या आवृत्तीत प्रौढांसाठी हा काळ बारा महिन्यांचा आहे. त्यावर परिणामकारक उपचार आहेत.

पण सहा महिने थांबलेच पाहिजे असे मुळीच नाही. ‘मलाही तिकडेच जावेसे वाटते’ असे विचार येत असतील, अनेक दिवस झोप किंवा जेवण बंद असेल, व्यसन वाढत असेल, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, निःशुल्क, चोवीस तास, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. निम्हान्स ही या सेवेची मध्यवर्ती संस्था आहे. मित्र असे काही बोलला तर ते गुपित ठेवू नका, त्याला एकटे सोडू नका, आणि वॉर्डन किंवा शिक्षकांना लगेच कळवा.

सारांश

- वियोग ही घटना, शोक ही प्रतिक्रिया, दुखवटा ही रीत. रीत संपली म्हणजे शोक संपत नाही.
- शोकाला ठरलेले टप्पे नाहीत. तो लाटांनी येतो आणि दोन कामांमधल्या ये-जेतून हलका होतो.
- गेलेल्या माणसाशी नाते टिकते. त्याचे रूप बदलते.
- वाढ दुःखासोबत होते, सोबत आणि उपयोगी काम मिळाले तर होते, आणि तिची सक्ती करता येत नाही.
- सावरण्याची वाट मोकळी करणे ही भोवतालच्यांची जबाबदारी आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरी किंवा गावी दुखवट्याच्या कोणत्या रीती आहेत? त्यांतील कोणत्या माणसाला आधार देतात आणि कोणत्या त्रास देतात, ते कारणांसह लिहा.

२. रमाबाई रानडे यांच्या १९०१ ते १९१० या काळातील कामांची विभागणी दुहेरी प्रक्रिया प्रतिमानानुसार करा. एखादे काम दोन्हीकडे बसते का?

३. ‘वेळ हेच औषध’ या म्हणण्यात काय खरे आहे आणि काय अपुरे आहे?

४. तुमच्या महाविद्यालयात वियोगानंतर परतणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हजेरी, परीक्षा आणि समुपदेशन यांबाबत कोणती सोय आहे, याची चौकशी करा. कमी असेल तिथे एका पानाचा प्रस्ताव लिहून विभागप्रमुखांना द्या.